स्वीप : चेंडू एकाच्या हाती, वाट दहा जणांची

ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे १४१वे अधिवेशन भरले. लॉस एंजेलिस येथे २०२८ साली होणाऱ्या ऑलिम्पिकमध्ये पाच खेळांचा समावेश करण्यास त्यात मंजुरी मिळाली. क्रिकेट १२८ वर्षांनी ऑलिम्पिकमध्ये परतणार, ही त्या दिवशीची आपल्याकडची मोठी बातमी होती. त्याच यादीत स्क्वॉश, लॅक्रॉस आणि बेसबॉल-सॉफ्टबॉल यांच्या जोडीला ‘फ्लॅग फुटबॉल’ हे नावही होते. अमेरिकन फुटबॉलचे हे धक्काबुक्कीविरहित रूप मुंबईतील मतदानाने ऑलिम्पिकमध्ये गेले, याची मात्र फारशी चर्चा झाली नाही.

हा खेळ आपल्या मैदानांवर कधी रुजलाच, तर तो शिकवणार कोण आणि कसा, हा प्रश्न आज ना उद्या क्रीडाशिक्षकांपुढे येईल. त्याचे उत्तर शोधण्यासाठी या खेळातील एकच जुना डाव समजून घेणे पुरेसे आहे. त्याचे नाव ‘स्वीप’. मराठी वाचकाला स्वीप म्हटले की गुडघा टेकून मारलेला क्रिकेटमधील फटका आठवतो. अमेरिकन फुटबॉलमधील स्वीपचा त्याच्याशी संबंध नाही. येथे चेंडू हाती घेतलेला खेळाडू समोरच्या गर्दीत न घुसता मैदानाच्या कडेच्या दिशेने धावतो, वळसा घालतो आणि मग पुढे मुसंडी मारतो. पाहणाऱ्याला ही एका वेगवान माणसाची धाव वाटते. प्रत्यक्षात ती अकरा जणांच्या वेळेच्या गणितावर उभी असते आणि प्रशिक्षकाचा बहुतेक वेळ ज्यांना चेंडू कधीच मिळत नाही अशा खेळाडूंना शिकवण्यात जातो.

खेळाची किमान ओळख

अमेरिकन फुटबॉलचे मैदान १०० यार्ड लांब आणि ५३ यार्डांहून थोडे अधिक रुंद असते. दोन्ही टोकांना प्रत्येकी १० यार्डांचा अंतिम पट्टा असतो. एक यार्ड म्हणजे सुमारे ९१ सेंटिमीटर. प्रत्येक संघाचे अकरा खेळाडू मैदानात असतात. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्या आक्रमक संघाला १० यार्ड पुढे जाण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. तेवढे अंतर कापले की पुन्हा चार प्रयत्न. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या अंतिम पट्ट्यात पोहोचवला की सहा गुण.

आक्रमक संघाच्या किमान सात खेळाडूंना आघाडीच्या रेषेवर उभे राहावे लागते. मध्यभागी सेंटर. तो चेंडू दोन पायांमधून मागे देतो आणि डाव सुरू होतो. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक गार्ड, गार्डच्या बाहेर एकेक टॅकल आणि एका टोकाला टाइट एंड. सेंटरच्या मागे क्वार्टरबॅक हा संघाचा सूत्रधार असतो. त्याच्या मागे चेंडू घेऊन धावणारे हाफबॅक आणि फुलबॅक उभे राहतात.

या खेळाचे एक वैशिष्ट्य भारतीय वाचकाने ध्यानात ठेवायला हवे. चेंडू हाती नसलेल्या प्रतिस्पर्ध्याला अंगाने अडवणे येथे कायदेशीर आहे. यालाच ‘ब्लॉक’ म्हणतात. आपल्या ओळखीच्या फुटबॉलमध्ये किंवा रग्बीमध्ये अशी अडवणूक हा नियमभंग ठरतो. स्वीपची सगळी इमारत मात्र या अडवणुकीवरच उभी आहे.

डावाची रचना

उजव्या बाजूने जाणारा स्वीप घेऊ. सेंटरने चेंडू मागे देताच दोन्ही गार्ड आपली जागा सोडतात, एक पाऊल मागे घेतात आणि रेषेला समांतर उजवीकडे धावू लागतात. याला ‘पुल’ करणे म्हणतात. क्वार्टरबॅक वळून डाव्या हाफबॅकच्या हाती चेंडू देतो. हाफबॅक त्या दोन गार्डच्या मागून उजवीकडे निघतो.

गार्ड निघून गेल्यामुळे त्यांच्यासमोरचे बचावपटू मोकळे होतात. उजव्या गार्डसमोरच्या बचावपटूला थोपवण्याचे काम सेंटरवर येते. उजवा टॅकल मधल्या लाइनबॅकरच्या वाटेत उभा राहतो. फुलबॅक पुढे झेपावून बचावफळीच्या टोकावरील खेळाडूला रोखतो. टाइट एंड बाहेरच्या लाइनबॅकरला भिडतो. पुढे धावणारा उजवा गार्ड कोपऱ्यावरील कॉर्नरबॅकला बाहेर ढकलतो. मागून येणारा डावा गार्ड आत वळून, मध्यभागातून धावत येणाऱ्या पहिल्या बचावपटूला अडवतो.

सगळे जमले तर मैदानावर दोन भिंती उभ्या राहतात. एक आतल्या बाजूला, दुसरी बाहेरच्या बाजूला. त्यांच्यामध्ये दोन-तीन यार्डांची एक गल्ली तयार होते आणि हाफबॅक तीतून निसटतो. एक भिंत जरी उभी राहिली नाही, तरी गल्ली बंद होते आणि डाव तोट्यात जातो.

यातील टाइट एंडचे काम सर्वांत नाजूक. समोरचा लाइनबॅकर बाहेरच्या बाजूला जोर लावत असेल, तर टाइट एंड त्याला तसाच बाहेर नेतो आणि धावणारा आतून जातो. तो आत घुसू पाहत असेल, तर त्याला आतच दाबून धरतो आणि धावणारा बाहेरून जातो. म्हणजे वाट कुठे उघडणार हे डाव सुरू होईपर्यंत कोणालाच ठाऊक नसते. हाफबॅकने ती धावता धावता वाचायची असते.

एका शिक्षकाचा डाव

हा डाव अजरामर केला तो ग्रीन बे पॅकर्स संघाचे प्रशिक्षक व्हिन्स लोम्बार्डी यांनी. ते मूळचे शिक्षक होते. न्यू जर्सीतील एंगलवूड येथील सेंट सिसिलिया शाळेत त्यांनी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि लॅटिन शिकवले आणि शाळेच्या संघाला प्रशिक्षणही दिले. त्याआधी फोर्डहॅम विद्यापीठाच्या संघात ते स्वतः गार्ड म्हणून खेळले होते. दोन गार्ड एकदम बाहेर काढण्याची कल्पना त्यांची स्वतःची नव्हती. १९३०च्या दशकातील ‘सिंगल विंग’ या जुन्या रचनेत ती होती. लोम्बार्डी यांनी तिचे बारकावे घासूनपुसून पक्के केले.

१९५८च्या हंगामात पॅकर्सना बारापैकी एकच सामना जिंकता आला होता. दहा सामने त्यांनी गमावले, एक बरोबरीत सुटला. १९५९मध्ये लोम्बार्डी आले आणि त्याच वर्षी संघाने सात सामने जिंकले. पुढे १९६१, १९६२, १९६५, १९६६ आणि १९६७ अशी पाच अजिंक्यपदे या संघाने पटकावली. पहिल्या दोन सुपर बोल लढतीही त्यांनीच जिंकल्या. १९७०मध्ये लोम्बार्डी यांचे निधन झाले. सुपर बोलच्या विजेत्याला मिळणारा करंडक आज त्यांच्या नावाने ओळखला जातो.

या यशात स्वीपचा वाटा मोठा होता. पॅकर्स तो डाव खेळणार हे प्रतिस्पर्ध्यांना ठाऊक असे, तरीही तो थांबवणे त्यांना जड जाई. लोम्बार्डी यांच्याकडे डावांचा साठा मोठा नव्हता. मोजके डाव घ्यावेत आणि ते झोपेतही चुकणार नाहीत इतके घोटावेत, ही त्यांची पद्धत. पुढे प्रशिक्षक आणि समालोचक म्हणून गाजलेले जॉन मॅडन तरुणपणी त्यांच्या एका व्याख्यानाला गेले होते. लोम्बार्डी या एकाच डावावर आठ तास बोलले, अशी आठवण मॅडन नेहमी सांगत. आपण फुटबॉलविषयी किती कमी जाणतो, हे त्या दिवशी त्यांच्या लक्षात आले.

शिकवायचे कसे?

आठ तास बोलण्यासारखे या डावात काय आहे, ते त्याच्या प्रशिक्षणाचे टप्पे पाहिले की कळते.

पहिला टप्पा चालण्याचा. चेंडू न घेता आणि प्रतिस्पर्धी न ठेवता अकराही जण आपापल्या वाटेने केवळ चालतात. प्रत्येकाने आपले काम मोठ्याने सांगायचे आणि शेजाऱ्याचेही सांगायचे. सेंटरला गार्डची वाट ठाऊक नसेल, तर रिकामी झालेली जागा तो वेळेवर भरू शकत नाही.

दुसरा टप्पा गार्डच्या पहिल्या पावलाचा. डाव सुरू होण्यापूर्वी गार्ड एक हात जमिनीवर टेकून बसलेला असतो. उजवीकडे धावायचे आहे म्हणून तो किंचित उजवीकडे झुकला, तरी चाणाक्ष बचावपटू ते हेरतो. नेहमीच्या डावात हातावर भार असतो, बोटांची पेरे पांढरी पडतात. धावण्यासाठी निघताना भार मागे जातो आणि पेरांचा रंग बदलतो. म्हणून प्रत्येक डावात बसण्याची ढब एकच राहील, हे प्रशिक्षकाला तपासावे लागते. त्यानंतर उजवे कोपर झटक्यात मागे ओढणे, त्यासरशी कंबर वळवणे आणि उजवे पाऊल तिरके मागे टाकणे, ही हालचाल शेकडो वेळा करून घेतली जाते.

तिसरा टप्पा वळणाचा. गार्डने मोठा गोलाकार फेरा घेतला की दोन यार्ड वाया जातात. खो-खोत पळती करणारा खांबाला वळसा घालताना जसा शरीर आत झुकवून, पाय रोवून वळतो, तसे गार्डने वळायचे असते. सरावात त्यासाठी शंकू किंवा काठी रोवतात. वळण संपताच दोन्ही खांदे सरळ प्रतिस्पर्ध्याच्या अंतिम पट्ट्याकडे हवेत. खांदे कडेच्या रेषेकडे राहिले, तर गार्ड स्वतःच मैदानाबाहेर पळतो आणि मागच्यालाही घेऊन जातो.

चौथा टप्पा धावणाऱ्याच्या संयमाचा. प्रशिक्षकाला सर्वांत जास्त झगडावे लागते ते येथे. चपळ खेळाडूला आपला वेग दाखवायचा असतो. तो पहिल्याच पावलापासून जिवाच्या आकांताने पळतो, गार्डला मागे टाकतो आणि मोकळ्या बचावपटूंच्या हाती सापडतो. मग गार्ड पोहोचतात ते वरातीमागून घोडे. सुरुवातीची तीन-चार पावले आवरून धरायची, पुढच्या गार्डच्या पाठीशी राहायचे आणि गल्ली दिसताच सगळा वेग ओतायचा, हे त्याच्या अंगी बाणवावे लागते. काही प्रशिक्षक सरावात धावणाऱ्याचा हात पुढच्या गार्डच्या कमरेवर ठेवायला लावतात. हात सुटला की डाव पुन्हा पहिल्यापासून.

पाचव्या टप्प्यात संघाचे तुकडे एकत्र येतात. आधी फक्त उजवी बाजू, समोर हातात गादी धरलेले सहकारी. मग पूर्ण संघ, अर्धा वेग. शेवटी पूर्ण वेगात खऱ्या बचावफळीसमोर. या वेळी प्रशिक्षकाने चेंडूकडे पाहायचे नसते. हाफबॅक दहा यार्ड पळाला म्हणून डाव बरोबर झाला असे नाही. सेंटरचा माणूस निसटला होता आणि केवळ नशिबाने वाचलो, हे चित्रफीत थांबवून दाखवावे लागते.

नेहमीच्या चुका

सर्वाधिक दिसणारी चूक म्हणजे कडेकडे वाहत जाणे. कडेची रेषा हा बचाव संघाचा बारावा खेळाडू समजला जातो. तो कधी थकत नाही आणि कधी चुकत नाही. आत वाट उघडली असूनही धावणारा बाहेरच पळत राहिला, तर तो स्वतःहून त्या बाराव्या खेळाडूच्या स्वाधीन होतो.

दुसरी चूक चुकीच्या माणसाच्या मागे लागण्याची. आपला नेमून दिलेला बचावपटू जागेवर नसेल, तर गार्ड गोंधळतो आणि दिसेल त्याच्यावर धावून जातो. गार्डने माणसापेक्षा जागा लक्षात ठेवावी. त्या जागेत जो पहिला येईल, तो त्याचा.

तिसरी चूक एकसुरीपणाची. स्वीप वारंवार खेळला की बचाव संघ आधीच कडेकडे धावू लागतो. त्यासाठी जोडडाव लागतात. चेंडू देऊन झाल्यावर क्वार्टरबॅकने उलट दिशेला पळत जायचे, जणू चेंडू आपल्याकडेच आहे. कधी खरोखरच तो चेंडू राखून पळतो. कधी हाफबॅक धावता धावता थांबून चेंडू फेकतो. पॅकर्सचा पॉल हॉर्नंग यात तरबेज होता.

मराठी मैदानाशी नाते

महाराष्ट्राच्या नावाने या खेळात एक विजेतेपद जमा आहे, हे अनेकांना ठाऊक नसेल. माईक डिट्का आणि कर्ट वॉर्नर यांच्यासारख्या अमेरिकन फुटबॉलमधील दिग्गजांच्या पाठबळाने २०११ साली ‘एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया’ची घोषणा झाली. त्यात ‘मुंबई ग्लॅडिएटर्स’ आणि ‘पुणे मराठाज’ हे दोन संघ होते. २०१२मधील पहिल्या हंगामाचे सामने श्रीलंकेत झाले आणि अंतिम लढतीत पुणे मराठाजने दिल्ली डिफेंडर्सला हरवले. ही लीग मात्र पुढे रुजली नाही. वरून लादलेला संघ आणि खालून घडलेला खेळाडू यांतले अंतर अशा वेळी दिसून येते. शाळा-महाविद्यालयांत हा खेळ नाही, प्रशिक्षक नाहीत, तेथे खेळाडू दुसऱ्या खेळांतूनच आणावे लागतात.

आणि दुसऱ्या खेळांतून येणारा खेळाडू आपल्या सवयीही बरोबर आणतो. कबड्डीपटूचे उदाहरण घ्या. कंबर खाली ठेवणे, बाजूला झटकन सरकणे, कोपरारक्षक आणि मध्यरक्षक यांनी एकमेकांच्या हालचालीशी जुळवून घेणे, हे सारे त्याच्या रक्तात असते. स्वीपमधील अडवणुकीला याहून चांगली पूर्वतयारी नाही. पण समोरचा टप्प्यात आला की त्याचा हात आपोआप पकडीसाठी जातो. अमेरिकन फुटबॉलमध्ये अडवणाऱ्याने प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवले की १० यार्डांचा दंड. पाठीमागून ढकलले तरी तेवढाच. कबड्डीपटूला हात उघडे आणि शरीराच्या आत ठेवून, केवळ पावलांच्या जोरावर समोरच्याची वाट अडवायला शिकवावे लागते. रग्बीपटूची अडचण उलटी. चेंडू नसलेल्याला अडवू नये, हा संस्कार त्याला विसरावा लागतो. त्यामुळे परदेशी पुस्तकातील सराव जसाच्या तसा उचलून चालणार नाही. समोरचा मुलगा कोणत्या मैदानावरून आला आहे, हे प्रशिक्षकाने आधी विचारले पाहिजे.

डोक्याची जोखीम

या खेळाच्या मूळ रूपाविषयी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. वारंवार डोक्याला बसणाऱ्या धक्क्यांमुळे मेंदूला कायमची इजा होऊ शकते. डॉ. बेनेट ओमालू यांनी माजी खेळाडू माईक वेब्स्टर यांच्या मेंदूच्या तपासणीतून काढलेला निष्कर्ष २००५मध्ये प्रसिद्ध केला आणि अमेरिकेत या प्रश्नावर मोठे वादळ उठले. वेब्स्टर हे सेंटर होते. म्हणजे धावणाऱ्याला वाट करून देणाऱ्यांपैकीच एक. हेल्मेट कवटीचे रक्षण करते, पण कवटीच्या आत हलणाऱ्या मेंदूचे नाही. त्यामुळे डोके वर, नजर समोर आणि धक्का खांद्याने व हातांनी, हा धडा कोणत्याही डावाच्या आधी यायला हवा. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवू नये. पूर्ण साधने आणि जाणकार प्रशिक्षक नसतील, तर मुलांना मूळ खेळ शिकवण्याच्या फंदात पडू नये, हेच शहाणपणाचे.

फ्लॅग फुटबॉलमधील स्वीप

येथेच ऑलिम्पिकमध्ये आलेल्या रूपाचे महत्त्व कळते. फ्लॅग फुटबॉलमध्ये प्रत्येक संघाचे पाच खेळाडू असतात. मैदान ५० यार्ड लांब आणि २५ यार्ड रुंद, शिवाय दोन्ही टोकांना १० यार्डांचे पट्टे. खेळाडूच्या कमरेला दोन फिती लावलेल्या असतात. चेंडू असलेल्याची फीत ओढली की डाव थांबतो. पाडणे नाही, धक्का नाही आणि अडवणूकही नाही. नंदुरबार जिल्ह्यातील कोरीटसारख्या गावातील शाळेला हेल्मेट आणि खांद्यांच्या पॅडचे अकरा-अकरा संच घेणे कदापि शक्य होणार नाही. पण कमरेचे पट्टे, एक चेंडू, चुन्याच्या रेषा आणि मोकळी जागा एवढ्यावर हा खेळ सुरू होऊ शकतो.

अडवणूकच नाही, मग स्वीप कसा होणार? येथे क्वार्टरबॅकला स्वतः चेंडू घेऊन रेषेपलीकडे धावता येत नाही. पण त्याने हातात दिलेला चेंडू घेऊन दुसरा खेळाडू कडेने धावू शकतो. गार्डची भिंत नसल्याने बाकीच्यांनी बचावपटूंना दुसरीकडे ओढून न्यायचे असते. एकाने मध्यभागी खोलवर धावायचे, दुसऱ्याने उलट बाजूला, तिसऱ्याने चेंडू घेतल्याचे सोंग करायचे. बचावपटू जेवढे फसतील, तेवढी कड मोकळी. हाताने फीत झाकणे हा नियमभंग आहे. त्यामुळे धावणाऱ्याला केवळ पावलांच्या चपळाईवर भिस्त ठेवावी लागते. भिंत गेली, तरी तत्त्व तेच राहते. चेंडू नसलेले चार जण प्रामाणिकपणे धावले नाहीत, तर पाचव्याला वाट मिळत नाही.

दहीहंडीत लोणी वरच्या थरावरच्याच्या तोंडाला लागते, पण हंडी फुटते ती तळच्या थराच्या खांद्यांवर. पॅकर्सच्या स्वीपमध्ये चेंडू घेऊन धावणारे पॉल हॉर्नंग आणि फुलबॅक जिम टेलर यांना कँटन येथील व्यावसायिक फुटबॉलच्या सन्मान दालनात अनुक्रमे १९८६ आणि १९७६ साली स्थान मिळाले. त्यांच्यापुढे धावणारा उजवा गार्ड जेरी क्रेमर १९६८च्या हंगामानंतर निवृत्त झाला आणि त्याचा क्रमांक लागला तो २०१८मध्ये, पन्नास वर्षांनी. त्याचा जोडीदार, डावा गार्ड फझी थर्स्टन, २०१४ साली वारला. त्याला ते स्थान मिळालेच नाही.

क्रीडाशिक्षकाला या इतिहासातून घेण्यासारखे एवढेच आहे. सामना संपल्यावर कौतुक पळणाऱ्याचे होणार, ते कोणी थांबवू शकत नाही. पण सराव संपल्यावर पहिले नाव कोणाचे घ्यायचे, हे मात्र प्रशिक्षकाच्या हातात असते.